आजीबाई हिरव्या कशा झाल्या

नाही, नाही, नाही! "अन्नाकू कलर का कुछ नै मालूम" म्हणतीस? मला? अगं, तू पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायचीस तवापासून हे हात शाईत हायत! डब्याचं झाकण उघडलं की वासानं सांगतो, लाल हाय का निळा. आन् तू मला रंग शिकवणार? म्हण, अजून म्हण! घरी बसून म्हण!

कोणाला बोलायलो म्हणून काय इचारतोस, गंगाधर? श्रीलताला. ती इथं नाही ते मला बी दिसायलंय. ती नल्लकुंट्याला तिच्या घरी बसलीय, आन् कालपासून माझा फोन उचलत नाही. मग हवेला बोलू नको तर काय करू?

आज शुक्रवार. परवा रविवारी बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये आजीबाईचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी वाटायचं त्यांच्यावरचं पुस्तक छापून झालं, पानं शिवून तुझ्याच बाइंडिंगच्या दुकानात पडली. कव्हर नाही. आन् कव्हर श्रीलताशिवाय व्हायचं नाही. ती कामून रुसली, ते सांगतो. बसा चौघं बी. चहा घ्या. आन् मधे हसायचं नाही, सांगून ठेवतो. म्या अशी काही माती खाल्ली की देगलूरला माझ्या गावी कळलं तर मला एसटीत बी बसू देणार नाहीत.

तर, तुम्हाला माहीतच हाय, मी प्रेसात मशीनवर. शाळा चौथी, ती बी मास्तरनं वर ढकलली म्हणून. इंग्रजी अक्षरं शाईच्या डब्यावर जेवढी असतात तेवढीच येतात. पण मशीनवर माझ्यासारखा माणूस काचीगुड्यात दाखवा! श्रीलता आत कॉम्प्युटरवर. तिची भाषा तेलुगू, माझ्याशी बोलती हिंदी, आपली हैद्राबादी. भांडती मात्र सगळ्या भाषांत.

आन् ह्या आजीबाई म्हणजे साध्या गिऱ्हाईक नाहीत. मराठी शाळेच्या हेडबाई होत्या. आमचे मालक वामनराव लहानपणी त्यांच्या हातची छडी खाल्लेले. अजून बाई आल्या की मालक खुर्चीतून आपोआप उठतात, शर्टाचं वरचं बटन लावतात. बाईंनी कव्हरसाठी एक फोटो दिला. त्यांच्या तरुणपणीचा तो एकच रंगीत फोटो. लाल नारायणपेठ साडी, मागं बागेतली झाडं. नवऱ्यानं काढलेला. नवरा गेला, फोटो राहिला, आन् फोटोला बुरशी लागली. पिवळे डाग, ते बी नेमके तोंडावर.

"वामन, एवढा एकच आहे," म्हणल्या बाई. बास. मालकानं तो फोटो दोन हातांनी धरून श्रीलताकडं नेला, देवाचा प्रसाद नेल्यासारखा.

दोन दिवसांनी मी आत जाऊन बगतो तर काय! हिनं त्या एका रंगीत फोटोचे तीन काळे-पांढरे फोटो करून ठेवलेले!

"अगं बाई, रंग कुठं गेला?"

"इसमेंच है, अन्ना. तीन चॅनल कर दी मैं. लाल अलग, हरा अलग, नीला अलग. एकेक साफ करके वापस मिलाती."

"काळ्या-पांढऱ्यात लाल कुठून आला?"

"है ना. मिलाए तो आता."

"पिवळा कुठाय?"

"पिवळा नै रहता इसमें."

"काळा?"

"वो भी नै."

आता मला सांगा! आमच्या छपाईत निळा, लाल, पिवळा, काळा अशा चार प्लेटा. चारी एकावर एक बसल्या की फोटो. हिच्याकडं तीनच, त्यात पिवळा नाही, काळा नाही, आन् हिरवा! फोटोला आम्ही हिरवी शाई वापरतच नाही. निळ्यावर पिवळा चढला की झाला हिरवा. मग हिचा हिरवा आला कुठून? पिवळा नाही तर आजीबाईच्या तोंडाचा रंग कशातून काढणार?

आन् अजून एक गंमत. लालच्या फोटोत डाग जवळजवळ दिसतच नव्हते. हिरव्यात थोडे. निळ्यात मात्र आजीबाईच्या तोंडावर नुसता चिखल उडालेला. एकाच फोटोचे तीन भाग, मग बुरशी एकालाच कशी काय लागली? मला जेवताना बी तेच, मशीनला तेल घालताना बी तेच. कोणाला इचारावं तर आपली इज्जत जाती.

मंगळवारी श्रीलताच्या आईचं मोतीबिंदूचं आपरेशन निघालं, कोठी भागातल्या दवाखान्यात. जाताना मला बजावून गेली.

"अन्ना, नीला अब्बी साफ नै हुआ. हाथ नक्को लगाओ. गुरुवार कू आके मैं मिलाती."

मी म्हणलो, "हौ हौ, जा तू. अम्माला बघ."

आता माझी चूक कुठं झाली? मशीन रिकामं होतं, तिथं झाली. माणसानं रिकाम्या मशीनसमोर बसू नये. बसलं की डोकं चालतं, आन् माझं डोकं चाललं की काय होतं ते तुमच्यापुढंच हाय.

गेलो आत. तिन्ही फोटो पडद्यावर उघडेच. खाली नावं, आर, जी आन् बी. आर म्हणजे लाल, एवढं तर मला कळतं. बगितला आर. आन् हादरलो!

आर म्हणजे लाल, बरोबर? आजीबाईची साडी लाल, बरोबर? मग लालच्या फोटोत साडी काळीकुट्ट पाहिजे का नको? जिथं काळं तिथं शाई बसती, जिथं पांढरं तिथं कोरा कागद. बावीस वर्षं प्लेटा बगायलो मी! आन् ह्या आरमध्ये साडी पांढरीफेक. म्हणजे साडीला लाल शाईचा थेंब नाही!

मग जी बगितला. जी म्हणजे हिरवा. तर त्याच्यात साडी काळीभोर! म्हणजे सगळी शाई हिरव्यात!

मी मांडीवर थाप मारली. घावली! पोरीनं नावं उलटी टाकलीत! लालला हिरवं आन् हिरव्याला लाल. आईच्या डोळ्याच्या काळजीत झालं असंल बिचारीचं. खोटं सांगत नाही, मला तिची दया आली. म्हणलं, आपण गुपचूप दुरुस्त करू, तिला बोलायचं बी नाही. बगा, किती मोठं मन!

तिला फोन लावला. ती दवाखान्यातच.

"ते मिळवायचं कसं गं?"

"ऊपर मर्ज चॅनल दबाना. आर कू लाल में, जी कू हरे में, बी कू नीले में. मगर अन्ना, अब्बी मत..."

फोन ठेवला म्या. पुढचं कोण ऐकतं?

आर टाकला हिरव्यात. जी टाकला लालमध्ये. बी राहू दिला निळ्यात. ओके दाबलं.

आन् आजीबाई हिरव्या झाल्या.

साडी हिरवी, तोंड हिरवं, हाताची बोटं हिरवी. मागची झाडं मात्र लाल, बागेत आग लागल्यासारखी.

तुम्ही म्हणणार, मारोती, तुला तवा बी शंका आली नाही? आली की! मी काय दगड हाय? पण ही श्रीलताच रोज माझ्या कानाशी ओरडती, "स्क्रीन पे नक्को जाओ अन्ना, कागज देखो!" पडद्यावर एक दिसतं, छापून दुसरंच येतं, हे सगळ्या प्रेसवाल्यांना माहीत. म्हणलं, कागदावर येतील बाई रंगावर. पेन ड्राइव्हमध्ये घातलं आन् प्लेटवाल्याकडं दिलं.

तासाभरात प्लेटवाल्याचा फोन.

"मारोती भाई, अम्मा हरी-हरी दिख रई. ऐसाइच होना क्या?"

"तेरेकू अम्मा से क्या करना? प्लेट निकालना तेरा काम है ना? निकाल!"

काढल्या त्यानं. त्याची काय चूक?

बुधवारी सकाळी प्लेटा चढवल्या. पहिला कागद आला, हिरव्या. दहावा आला, हिरव्या. मशीन बंद केलं. रॉकेलनं रोलर धुतले. पुसले. परत चालू. हिरव्या! परत धुतले. बोटाची सालं निघाली, पण आजीबाईच्या तोंडाचा हिरवा काही निघना.

मग माझं डोकं फिरलं. कोठीच्या शाईवाल्याला फोन लावला.

"लाल म्हणून काय पाठवलंस रे? मेंदी?"

"क्या बात करते भाई? डिब्बा सीलबंद था!"

"सीलबंद मेंदी थी! तू आ के देख, बुढ्ढी अम्मा कू तू क्या बना दिया!"

"मैं किसकी अम्मा कू क्या बनाया?" म्हणून तो बी चिडला. ह्यानंतर जे बोलणं झालं ते चहा पिताना सांगण्यासारखं नाही.

शेवटी म्या माझ्या हिमतीवर लाल वाढवली. हिरव्या होत्या त्या मातकट झाल्या. अजून वाढवली. राखेसारख्या झाल्या. अजून वाढवली. आता बाई वांग्याच्या रंगाच्या! भरली वांगी करतो ना आपण, तश्या. आन् तेवढ्यात मागून मालकाचा आवाज, "या, या बाई, बसा."

बगतो तर साक्षात आजीबाई! काठी, चष्मा, आन् सोबत नात. नात पुण्याची, इकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला.

नातीनं टेबलावरचा हिरवा कागद उचलला. "काका, हे... हा काही फिल्टर आहे का?"

मी म्हणलो, "काय?"

"नाही म्हणजे, असं मुद्दाम केलंय का? आर्टिस्टिक?"

आजीबाईनं कागद तिच्या हातातून घेतला. लांब धरला. जवळ धरला. मालकानं बटन लावलं.

"वामन," बाई म्हणल्या, "मी अजून आहे. आणि गेल्यावरसुद्धा इतकी हिरवी होईन असं वाटत नाही."

नात हसली. मालक हसावं का नाही ह्या इचारात अर्धे हसले, अर्धे थांबले.

"आणि मला एक सांगा," बाई माझ्याकडं वळल्या, "मी हिरवी झाले ते झाले. पण झाडं लाल कशी झाली?"

बगा, ऐंशी वर्षांची म्हातारी, आन् तिला बी तेच कुतूहल! ओरडली असती तर मी बी ओरडलो असतो, त्यात मी पक्का हाय. पण ती इचारायली. आन् मला उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नसलं की माणूस काय करतो? दुसऱ्याचं नाव घेतो.

"श्रीलतानं नावं उलटी टाकली, बाई. लालला हिरवं आन् हिरव्याला लाल. म्या किती सांभाळायचं?"

ती तिकडं दवाखान्यात आईच्या डोळ्यात थेंब घालायली, आन् मी इकडं तिच्या नावानं शिमगा. लई सोपं गेलं. एवढं सोपं काम म्या त्या आठवड्यात दुसरं केलं नाही.

बाई उठल्या. दारातून म्हणल्या, "रविवारी नाही जमलं तर कव्हर कोरं ठेवा. पण त्यांनी काढलेला फोटो असा नको." मला मालकाच्या शिव्या चालल्या असत्या, हे नाही चाललं.

गुरुवारी श्रीलता आली. टिफिन ठेवायच्या आधी तिला कागद दिसला.

"अय्यो! ये कौन किया?"

"मी. तू नावं उलटी टाकलीस, म्या सरळ केली."

"मैं उलटी डाली?"

"मग लालमध्ये साडी पांढरी कशी? शाई कुठाय? दाखव मला शाई!"

तिनं कागद खाली ठेवला. मग एकदम शांत आवाजात म्हणली, "अन्ना, इसमें शाई हैइच नै. उजाला है."

"कसला उजाला?"

"चलो."

तिनं फराळाच्या बॉक्सवरचे जिलेटीन कागद फाडले. लाल, हिरवा, निळा. मला धरून प्लेटा ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिच्या मोबाईलच्या टॉर्चवर लाल, माझ्या मोबाईलवर हिरवा.

"लाल और हरा मिलाए तो क्या होता, बोलो."

"शेण होतं. हजार वेळा मिसळलंय. शेणाचा रंग होतो."

"दीवार पे डालो."

तिनं लाल पाडला. म्या त्याच्यावर हिरवा पाडला.

पिवळा.

आयच्यान, पिवळा! भिंतीवर हळद लावल्यासारखा! म्या टॉर्च बाजूला केला, पिवळा गेला. परत आणला, पिवळा आला. भिंतीला हात लावून बगितला, काही रंग लागलाय का म्हणून. मग मधे हात धरला, तर माझ्या एका हाताच्या दोन सावल्या, एक लाल आन् एक हिरवी! दहा मिनिटं मी नुसता हात हालवायलो. मग तिनं मशीनवरचा टॉर्च आणून निळा बी टाकला. तीन रंग एका जागी, आन् भिंत पांढरी.

"तुम्हारा सफेद माने खाली कागज," ती म्हणली. "मेरा सफेद माने पूरा उजाला. साडी लाल है, इसलिए लाल में सफेद."

माझ्या डोक्यात खाडकन काहीतरी उघडलं. "थांब थांब! पिवळा म्हणजे लाल आन् हिरवा उजेड. त्यात निळा नाहीच! म्हणून तो पिवळा डाग निळ्यात काळा दिसतो! लालमध्ये दिसतच नाही!"

"सही बोले, अन्ना!" तिनं टाळी वाजवली. "एक हफ्ते से मैं वोइच साफ कर रई."

काय सांगू, लग्नात एवढा आनंद झाला नव्हता. आन् तेवढ्यात दार उघडून मालक आत. "कळलं का मग? चूक कोणाची होती?"

श्रीलता माझ्याकडं बगायली. हसत बगायली. तिला वाटलं, आता अन्ना बोलंल.

आन् मी काय बोललो? मी म्हणलो, "दोघांची. थोडी थोडी."

तिचं हसू गेलं. टॉर्च बंद केला. टिफिन उचलला, चपला घातल्या, आन् गेली. दारात मला फक्त एवढं म्हणली, "थोडी मेरी बी क्या, अन्ना?"

मी काय कमी हाय? मी बी ओरडलो, "जा! तुझ्यावाचून काय अडत नाही!"

मग काल दुपारभर मी डोळ्यावर लाल जिलेटीन धरून काचीगुड्याच्या बाजारात हिंडलो. हसू नका म्हणलं ना! मला बगायचं होतं. टमाटे आन् मुळे एकाच रंगाचे दिसायले! पालक काळा! भाजीवाली घाबरली, म्हणली, "आँख कू क्या हुआ भय्या?" म्हणलो, "कुछ नै अम्मा, चॅनल देखरां." तिनं पिशवी भरून दिली आन् लवकर जा म्हणली.

आज सकाळी तिन्ही फोटो परत उघडले. आर लालमध्ये, जी हिरव्यात, बी निळ्यात. ओके. आन् बाई आल्या हो! लाल साडी, हिरवी झाडं, गहू रंगाचं तोंड. माझ्याच अंगावर काटा आला. पण तोंडावर डाग तसेच, निळा साफ झालेला नव्हता ना. म्हणलं, एवढं तर आपण पुसू. नाकावरचा डाग पुसायला गेलो, तर नाकच पुसलं. बिननाकाच्या हेडबाई! कसंबसं परत आणलं नाक, आन् उठलो तिथून.

मालकानं तिला फोन केला, आन् बाईंपुढं म्या तिचं नाव घेतलं ते बी सांगून टाकलं. ती म्हणली, "अन्नाकू कलर का कुछ नै मालूम. चार लोगां में मेरा नाम लिये, चार लोगां में बोलना अन्ना. उसके बाद दो घंटे का काम है, मैं आके करती." दोन घंट्याचं काम! आन् मी कालपासून टमाटे बगत हिंडायलो.

तर झालं, बोललो. आजीबाईला संध्याकाळी मी स्वतः जाऊन सांगणार, झाडं लाल कशी झाली ते बी सांगणार. पण ही माझा फोन उचलत नाही. गंगाधर, तुझा नंबर ती उचलती. तिला सांग, नावं बरोबर होती, उलटा मारोती होता. थोडी थोडी नाही, सगळी. ती इचारंल, "खुद बोले क्या?" तर हौ म्हण. "चिल्लाके बोले क्या?" म्हणली तर ते बी हौ म्हण, खोटं कायला बोलायचं?

माझ्या तोंडाकडं काय बगायलास? कप खाली ठेव. फोन काढ. लाव.